रामटेकच्या वाटेवर पोर्ट आर्थर

रामटेकला मी आजवर किती वेळा गेले असेन, त्याची मोजदाद नाही. आजीच्या बोटाला धरून गेले, शाळेच्या सहलीबरोबर गेले, पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर अंबाळा तलावाच्या काठी भिजत फिरले. पण त्या सगळ्या खेपांमध्ये मनसर म्हणजे नुसतं एक वळण होतं. एसटी हमरस्ता सोडून उजवीकडे वळली की आजी हात जोडायची, कारण गड दिसू लागायचा. आम्ही पोरं त्याच बाजूच्या खिडक्यांना चिकटायचो. मागे काळपट लाल ढिगाऱ्यांची एक रांग राहून जायची. तिच्याकडं कुणी बघत नसे. या खेपेला मी त्या ढिगाऱ्यांसाठीच घराबाहेर पडले.

निमित्त झालं ते एका आकड्याचं. जुन्या खनिज अहवालांत मँगनीजच्या उत्पादनाचे आकडे असतात. १९०४ साली सबंध हिंदुस्थानातून सुमारे दीड लाख टन मँगनीज निघालं. १९०७ साली नऊ लाख टन. तीन वर्षांत सहापट! त्यातला मोठा वाटा मध्य प्रांताचा, म्हणजे आपल्या नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्याचा. मी तो आकडा दोनदा वाचला. एवढ्या थोड्या अवधीत एखाद्या मुलखातून इतका दगड का उपसला जावा? त्याचं उत्तर रामटेकपासून सरळ रेषेत साधारण साडेचार हजार किलोमीटरवर, चीनच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात होतं. त्या बंदराचं नाव पोर्ट आर्थर.

गाडीनं जाणं सोपं होतं, तरी मी मुद्दाम इतवारीहून रेल्वे धरली. इतवारी स्टेशनाला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव आहे. फलाटावर ती पाटी वाचताना मला वाटलं, प्रवासाची सुरुवात इथूनच व्हायला हवी होती. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैपेईला जे जपानी विमान कोसळलं, ते दाइरेनला निघालं होतं. दाइरेन म्हणजे पोर्ट आर्थरला खेटून असलेलं बंदर. आणि त्याच्या नऊ दिवस आधी, ९ ऑगस्टला, रशियाचं लाल सैन्य मांचुरियात जपान्यांवर तुटून पडलं होतं. पराभूत झालेल्या एका मित्राचा हात सोडून, त्याच मित्राच्या जुन्या वैऱ्याशी बोलणी करायची, म्हणून नेताजी त्या दिशेनं निघाले होते. जपान आणि रशियाचं हे वैर चाळीस वर्षांहून जुनं होतं आणि त्याची पहिली ठिणगी त्याच दाइरेनशेजारच्या बंदरात पडली होती.

गाडी कळमन्याच्या मालधक्क्याची गर्दी मागे टाकून कामठीकडे निघाली. डब्यात भाजीच्या टोपल्या, कॉलेजची मुलं आणि खिडकीशी नवस फेडायला निघालेलं एक कुटुंब. बाळाच्या जावळाच्या गोष्टी चालल्या होत्या. मी वहीत तारखा लिहून आणल्या होत्या, त्या चाळत बसले.

८ फेब्रुवारी १९०४ ची रात्र. पोर्ट आर्थरच्या बाहेरच्या पाण्यात रशियाच्या लढाऊ बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. जपानच्या विनाशिका अंधारातून आल्या आणि त्यांनी टॉर्पेडो सोडले. युद्धाची रीतसर घोषणा नंतर, १० तारखेला झाली. हे बंदर जपाननं १८९५ साली चीनकडून लढून मिळवलं होतं. पण रशिया, फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून दटावलं, म्हणून त्याला ते परत करावं लागलं आणि तीनच वर्षांनी रशियानं तेच बंदर चीनकडून भाडेपट्ट्यानं घेतलं. हातातोंडाशी आलेला घास असा दुसऱ्यानं नेला, तो सल जपानच्या मनात होता. त्यातून लढाई कोरियावर कुणाचा वरचष्मा राहणार यावर गेली. हे सगळं लढलं गेलं ते चीनच्या जमिनीवर. मांचुरियातल्या ज्या शेतकऱ्यांच्या उभ्या पिकांतून दोन परकी फौजा गेल्या, त्यांचं नाव कुठल्याही तहात नाही. मला तरी ही गोष्ट सगळ्यांत जास्त लागते.

एक माणूस मात्र या युद्धात असा गेला की, त्याच्याशी आपलंही नातं आहे. वसिली वेरेश्चागिन हा रशियन चित्रकार. १८७४ ते १८७६ मध्ये तो हिंदुस्थानात फिरला. जयपुरातल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या मिरवणुकीचं त्याचं अवाढव्य चित्र आजही कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. तोफेच्या तोंडी बांधलेल्या हिंदी सैनिकांचं चित्रही त्याचंच. आयुष्यभर त्यानं युद्धाची भीषणता रंगवली. १३ एप्रिल १९०४ रोजी ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ ही रशियन युद्धनौका पोर्ट आर्थरजवळ सुरुंगावर गेली, तेव्हा अ‍ॅडमिरल मकारोव्ह यांच्याबरोबर वेरेश्चागिनही तिच्यावर होता. दोघंही बुडाले.

कामठी आलं. कामठीची छावणी १८२१ ची. आज इथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. पण १९०४ च्या सुमाराला हिंदुस्थानातल्या कुठल्याही छावणीत साहेब लोकांच्या बोलण्यात शत्रू कोण, असं विचारलं असतं, तर उत्तर एकच आलं असतं: रशिया. रशिया अफगाणिस्तानातून खाली उतरणार, ही भीती इंग्रजांनी पाऊणशे वर्षं उराशी बाळगली होती. सेनापती किचनेर हिंदी फौजेची नवी घडी बसवत होता, तीही याच धास्तीनं. म्हणून ३० जानेवारी १९०२ रोजी इंग्लंडनं जपानशी दोस्तीचा करार केला. युद्ध संपत आलं असताना, १२ ऑगस्ट १९०५ ला, तो करार नव्यानं झाला आणि त्याच्या कक्षेत हिंदुस्थानची सरहद्दही आली. म्हणजे आपल्या देशाचं रक्षण करण्याचा शब्द जपाननं इंग्रजांना दिला होता. ज्यांचा देश, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आणि तरीही, याच कामठी-नागपूर-वर्धा भागातली तरुण मुलं जपानच्या विजयानं हरखून गेली होती. गोऱ्या साम्राज्याला आशियातला एक देश समोरासमोर हरवतो, ही बातमी मराठी वृत्तपत्रांतून घराघरांत पोचत होती. वर्ध्याचा पांडुरंग खानखोजे हा त्यातलाच एक. नागपुरात शिकला, क्रांतीच्या ध्यासानं १९०६ च्या सुमारास देश सोडून आधी जपानला गेला, तिथून अमेरिकेला. गदर चळवळीत पडला, पुढे मॉस्कोत लेनिनला भेटला आणि शेवटी मेक्सिकोत मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम करून तिथला मोठा कृषिशास्त्रज्ञ झाला. १९६७ साली त्याचं निधन नागपुरातच झालं. एका वऱ्हाडी मुलाच्या आयुष्यात जपान आणि रशिया असे दोन्ही यावेत, हा त्या काळाचा गुण होता.

कामठीला आज जपानची आठवण करून देणारी गोष्ट वेगळी आहे. १९९९ साली जपानी मदतीतून इथं उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार. पांढरंशुभ्र, शांत. मी मागे तिथं तासभर बसून आले होते, म्हणून या खेपेला उतरले नाही.

कन्हान ओलांडली. इथून गाडी मुख्य मार्ग सोडून रामटेकच्या फाट्याला लागते. ही लाइन बंगाल-नागपूर रेल्वेच्या दिवसांतली. तिनं यात्रेकरू वाहिले तसंच मँगनीजही वाहिलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, मधूनच धानाची कापलेली शेतं. कार्तिकातलं ऊन कोवळं होतं. समोरच्या बाईनं बाळाच्या कपाळाला तीट लावली, मग माझ्या हातावर चुरमुरे-फुटाणे ठेवले.

रामटेक स्टेशनावर उतरले की मी आधी गडावर जातेच. नुसतं खाणींसाठी आले म्हणून गडाला बगल देणं मला जमलं नसतं. पायऱ्यांवर वानरांची टोळी नेहमीप्रमाणे वाट अडवून बसली होती. एका पोरीच्या हातातला नारळ गेला, ती रडू लागली, प्रसादवाल्यानं तिला दुसरा दिला.

रामटेकवर मी एरवी पानंच्या पानं लिहीन. केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही वाकाटकांच्या काळची दोन मंदिरं, तो तांबूस दगडाचा वराह, रघुजी भोसल्यांनी नव्यानं उभं केलेलं रामाचं देऊळ, आणि हीच मेघदूतातली रामगिरी हे महामहोपाध्याय मिराशींनी हिरिरीनं मांडलेलं मत. त्या विरही यक्षानं इथून ढगाला उत्तरेकडे धाडलं. मी मात्र पश्चिमेच्या तटाशी जाऊन उभी राहिले. तिथून मैदान उघडं दिसतं आणि त्याच्या टोकाशी, पाच-सहा किलोमीटरवर, मनसर. हिरव्यागार सपाटीवर काळ्या-तांबड्या मातीचे उंच ढीग, कापून पायऱ्या पाडलेल्या डोंगराची एक कड.

उंचावर उभं राहून खालचं असं एकदम दिसलं की मला पोर्ट आर्थरची ती २०३ मीटर उंचीची टेकडी आठवते. तिला नाव नव्हतं, उंची हेच तिचं नाव. जनरल नोगीनं जमिनीच्या बाजूनं पोर्ट आर्थरला वेढा घातला होता. महिनोन्‌महिने त्याची माणसं तटबंदीवर चालून जात होती आणि मशीनगनसमोर रांगांनी पडत होती. मग जपान्यांच्या ध्यानात आलं की बंदर जिंकायचं असेल तर आधी ही टेकडी घ्यायला हवी, कारण तिच्या माथ्यावरून बंदरात उभी असलेली सगळी रशियन जहाजं दिसतात. ५ डिसेंबर १९०४ ला ती पडली. माथ्यावर एक निरीक्षक बसला, त्यानं टेलिफोनवरून नेम सांगायचा आणि मागच्या मोठ्या तोफांनी २८ सेंटिमीटर व्यासाचे गोळे टाकायचे. काही दिवसांत बंदरातला ताफा बुडाला. २ जानेवारी १९०५ ला पोर्ट आर्थर शरण आलं. वेढ्यात एकट्या जपानच्या बाजूची मेलेली आणि जखमी माणसं पन्नास हजारांवर होती. नोगीचे दोन्ही मुलगे या युद्धात गेले, धाकटा याच टेकडीवर. सात वर्षांनी, सम्राट मेइजी यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, नोगी आणि त्याच्या बायकोनं आपलं आयुष्य संपवलं.

पुढचं झपाट्यानं घडलं. मुकदेनच्या रणांगणावर दोन्ही बाजूंची मिळून साडेपाच-सहा लाख माणसं समोरासमोर आली. तिकडं बाल्टिक समुद्रातून निघालेला रशियाचा आरमारी ताफा अर्ध्या जगाला वळसा घालून, मादागास्करला थांबून, हिंदी महासागर ओलांडून ८ एप्रिल १९०५ रोजी सिंगापूरसमोरून गेला. २७ आणि २८ मे या दोन दिवसांत त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अ‍ॅडमिरल टोगोनं त्याचा जवळजवळ नायनाट केला. ५ सप्टेंबरला अमेरिकेत पोर्टस्मथचा तह झाला.

टोगोची ‘मिकासा’ ही युद्धनौका बांधली होती इंग्लंडमध्ये, बॅरोच्या गोदीत. जपानच्या बहुतेक मोठ्या युद्धनौका इंग्लंडनंच बांधून दिलेल्या. इथं माझ्या मनात साहजिकच आलं की मनसरचा दगड ‘मिकासा’च्या पोलादात असेल का? नसणार. ती बोट १९०० साली पाण्यात उतरली, आणि नागपूर जिल्ह्यातल्या मँगनीजला खऱ्या अर्थानं हात लागला तोच १९०० च्या सुमारास. मनसरचं या युद्धाशी नातं जुळलं ते वेगळ्या वाटेनं. ती वाट जॉर्जियातून जाते.

गडावरून उतरून मी ऑटो केला. मनसरच्या चौकात उतरले, तिथून खाणीच्या बाजूला चालत गेले. फाटकाच्या आत जायची परवानगी माझ्याकडं नव्हती आणि तशी गरजही वाटली नाही. रस्त्याची धूळच काळी होती. झाडांची पानं, दुकानांचे पत्रे, कुत्र्याची पाठ, सगळ्यावर एक तपकिरी-काळा थर. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. तिच्या निळ्या ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर वारा धरू नये म्हणून दगड ठेवले होते. त्यातला एक मी विचारून उचलला आणि हात खालीच गेला. मुठीएवढा दगड, पण वजन त्याच आकाराच्या मुरमाच्या दगडाच्या दुपटीच्या जवळपास. एका बाजूनं खरबरीत, कोळशासारखा. फुटलेल्या बाजूला पोलादी चमक, त्यात एक बारीक तपकिरी-लाल ठिपक्यांची रेघ. ठेवून दिला तेव्हा बोटांना काजळी लागली होती.

ती लाल रेघ कशाची, ते मला नंतर नीट कळलं. इथले खडक सौसर समूहातले, शंभर कोटी वर्षांहून जुने. कधीकाळी समुद्राच्या तळाशी मँगनीजयुक्त गाळ साचला, मग जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं आणि दाबानं तो भाजला, दुमडला गेला. त्यात जागोजागी गार्नेटचे तांबूस कण तयार झाले. असल्या गार्नेट आणि गारेच्या खडकाला शास्त्रात ‘गोंडाइट’ म्हणतात. हे नाव गोंडांवरून पडलं आहे. जगातल्या कुठल्याही भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात ते सापडेल. रामटेक तालुक्यातल्या बेलडोंगरीच्या खाणीत एक नवं खनिज सापडलं, त्याला भूगर्भ खात्यातल्या व्रेडेनबर्ग या अधिकाऱ्याचं नाव मिळालं. ही दोन्ही नावं देणारा माणूस एकच, लुईस ली फर्मर. १९०२ साली, बावीस वर्षांचा असताना, तो हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात रुजू झाला आणि आमच्या या टेकड्या त्यानं पायाखाली घातल्या. १९०९ साली त्याचा हिंदुस्थानातल्या मँगनीजवरचा ग्रंथ निघाला, बाराशेहून जास्त पानांचा. प्रवासवर्णनं वाचणाऱ्यांना त्याचं आडनाव ओळखीचं वाटेल. इंग्रजीतले नामांकित प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मर हे त्याचेच चिरंजीव. १९४४ साली क्रीट बेटावर जर्मन जनरलला पळवून नेणारे तेच हे. बापानं मनसरचा दगड फोडून पाहिला, आणि मुलानं पायी युरोप पालथा घातला.

पण मँगनीजच कशाला हवं होतं जगाला? पोलाद वितळवताना त्यात प्राणवायू आणि गंधक उरला तर ते ठिसूळ होतं, रूळ तडकतात, तोफेची नळी फुटते. मँगनीज त्या दोघांना धरून मळीत ओढून नेतं. एका टन पोलादाला काही किलोच लागतं, पण ते नसेल तर भट्टी थंड ठेवावी लागते. त्या काळी त्याला पर्याय नव्हता, आजही फारसा नाही. १८८२ साली इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफिल्डनं बारा-तेरा टक्के मँगनीज घातलेलं असं पोलाद बनवलं की, घाव बसला की ते आणखी कडक होतं. रेल्वेचे सांधे, दगड फोडायची यंत्रं, पुढे पहिल्या महायुद्धातली सैनिकांची शिरस्त्राणं त्याची झाली.

आणि हे मँगनीज त्या वेळी जगाला सर्वांत जास्त कोण देत होतं? रशिया. त्यातही जॉर्जियातलं चिआतुरा. १८७९ पासून तिथं खाणी होत्या. डोंगरातून माल रेल्वेनं काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरात यायचा आणि तिथून इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेच्या भट्ट्यांकडे जायचा. मांचुरियात पराभवामागून पराभव येऊ लागले तशी रशियाची घडी आतून विस्कटली. जानेवारी १९०५ मध्ये पीटर्सबर्गच्या रस्त्यावर निःशस्त्र मोर्चावर गोळ्या चालल्या आणि क्रांती पेटली. संप, रेल्वे बंद, कॉकेशसमध्ये दंगे. चिआतुराचे खाणमजूर त्यात आघाडीवर होते. पुढे ज्याला जग स्टालिन म्हणून ओळखणार होतं, तो तरुण त्या खाणींमधून सभा घेत फिरत होता. पोतीच्या वाटेवर मालगाड्या अडकून पडल्या.

युरोपातल्या गिरणीमालकांनी दुसरा पुरवठादार शोधला. नकाशावर त्यांचं बोट आलं ते मध्य प्रांतावर, रामटेकच्या शेजारी. इथला दगड चांगल्या प्रतीचा होता, त्यात निम्म्याच्या आसपास निव्वळ धातू. भाव चढले. मग मनसर, कांद्री, बेलडोंगरी, साटक, गुमगाव, आणि पलीकडे भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग. बैलगाड्या भरभरून स्टेशनाला माल जाऊ लागला, तिथून मुंबई किंवा कलकत्ता. १९०७ साली उत्पादन नऊ लाख टनांवर पोचलं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला अमेरिकेतल्या पेढ्या कोसळल्या, पोलादाची मागणी मंदावली, मँगनीजचा भाव आपटला आणि १९०८ साली उत्पादन घसरलं.

टपरीवाले काका सत्तरीच्या पुढचे होते. मी दगड न्याहाळत होते, ते बघून त्यांनीच विचारलं, “कुठून आल्या, ताई?”

“नागपूरहून.”

“दगड पाहाले?” त्यांना खरंच नवल वाटलं. “लोक मंदिर पाहाले येतात जी.”

मी त्यांना विचारलं की घरातलं कुणी खाणीत होतं का. “सारेच. बापानं खदानीतच काढली जिंदगी. मी बी होतो, रिटायर झालो तवा ही टपरी टाकली. आजी तं डोक्यावर टोपल्या वाहे. माणसं फोडत, बाया येचत आन् वाहत. पोट धरून राहे तरी वाहे जी. भाव चढला का मुकादम घरोघर येई, चला म्हणे. भाव पडला का म्हणे, घरी बसा.”

भाव कोणत्या कारणानं चढतो, हे त्या वेळी कुणी सांगत असे का?

“कोन सांगते, ताई.”

मी त्यांच्या घराण्याच्या आठवणीतून १९०५ साल शोधायला निघाले नव्हते, तेवढं मागं जाणं कुणालाच शक्य नाही. पण त्यांचं ते एक वाक्य ऐकलं आणि माझ्या वहीतल्या सगळ्या आकड्यांना माणसं मिळाली. दीड लाखाचे नऊ लाख टन झाले ते यंत्रांनी नव्हे. पहारी, घण, टोपल्या, आणि आमच्या या भागातल्या गोंड, महार, छत्तीसगडी बायाबापड्यांची डोकी. पोटाला अन्न नाही म्हणून खाणीवर आलेल्या बाईला २०३ मीटरच्या टेकडीचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिची टोपली मात्र त्या टेकडीनं भरली होती.

पुढेही हे असंच चालू राहिलं. १९१४ साली तुर्कस्तान महायुद्धात उतरलं, दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाली, चिआतुराचा माल काळ्या समुद्रात अडकला आणि पुन्हा नागपूर-बालाघाटच्या खाणींना तेजी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियानं अमेरिकेला मँगनीज द्यायचं थांबवलं, तेव्हा अमेरिकेनं हिंदुस्थानकडे बघितलं. १९६२ साली जुन्या ब्रिटिश कंपनीच्या जागी मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, उभी राहिली. ५१ टक्के भाग आपल्या सरकारांचे होते. १९७७ साली उरलेले भागही केंद्र सरकारनं घेतले. कचेरी नागपुरात, खाणी इथून बालाघाटपर्यंत, आणि देशातल्या मँगनीजपैकी जवळजवळ निम्मं तिचं.

काकांना मी विचारलं, माल जायचा कुठं?

“काई जपानले जाये, काई भिलाईले.”

मी चहाचा कप हातात धरून तशीच बसले. सोव्हिएत रशियाच्या मदतीनं उभा राहिलेला भिलाईचा पोलाद कारखाना. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याची पहिली भट्टी सुरू केली. आणि युद्धातून उठून पोलादावर उभा राहत असलेला जपान, साठ-सत्तरच्या दशकांत भारतीय मँगनीजचा मोठा गिऱ्हाईक. त्सुशिमात एकमेकांची जहाजं बुडवणारे दोघं मनसरच्या एकाच टेकडीचा दगड नेत होते, आणि काकांनी दोघांच्याही वाघिणी भरल्या होत्या.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता, म्हणून काकांच्या पोराच्या मोटारसायकलवरून हिडिंबा टेकडीपर्यंत जाऊन आले. हीही मनसरचीच जमीन, पण इथं कुदळ वेगळ्या कारणानं पडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगतपती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी इथं उत्खनन केलं आणि वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळचं विटांचं भव्य देवालय वर आलं. त्या उत्खननामागे नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेचा पुढाकार होता आणि ती संस्था ज्यांनी उभी केली ते भदंत सुरई ससाई जन्मानं जपानी. १९३५ साली जपानात जन्मले, साठच्या दशकात भारतात आले आणि नागपूरच्या इंदोऱ्यात राहून आपलेच झाले. टेकडीवर वारा होता. विटांच्या थरांना हात लावून बघितलं, थंड आणि गुळगुळीत होत्या. खाली खाणीच्या बाजूनं एक डंपर वळणावर हळूहळू चढत होता, त्याचा आवाज इथवर येत होता.

परत टपरीवर आले तेव्हा अंधारत होतं. गडावर दिवे लागले होते. चार दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा, म्हणून तिथं आधीपासूनच माणसं चढू लागली होती. काकांनी बाकी पैसे परत देताना विचारलं, “त्या लढाईत जितलं कोन मंग? जपान का रशिया?”

“जपान.”

“आन् आमचा माल कोनाले गेला म्हनता तवाचा?”

“इंग्लंडला. थोडा अमेरिकेला, जर्मनीला.”

त्यांनी मान हलवली. मग ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्यानं फडफडला, तसा त्यांनी तो काळा दगड उचलून त्यावर ठेवला आणि दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवलं.